खारेपणा मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर : नाशिकच्या घरातील समुद्री टाकीसाठी वर्षभर वापरल्यानंतर

नाशिकमध्ये समुद्री टाकी ठेवायची, तर समुद्र घरीच तयार करावा लागतो. मुंबईचा किनारा कसारा घाटाखाली दीडशेहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि तिथून कॅन भरून पाणी आणणे एखाद्या वेळी जमले, तरी दर पंधरवड्याला जमणारे नाही. म्हणून नळाला येणारे गंगापूर धरणाचे पाणी आरओमधून काढायचे, त्यात पुड्यातले समुद्री मीठ वजन करून विरघळवायचे, दिवसभर पंपाने ढवळत ठेवायचे आणि मग ते समुद्राइतके खारे झाले की नाही हे मोजायचे. ही शेवटची पायरी मी पहिले चार महिने एका स्वस्त साधनावर सोपवली होती आणि त्यामुळे एक तारामासा माझ्या हातून गेला. त्यानंतर घेतलेल्या रिफ्रॅक्टोमीटरचा हा अभिप्राय आहे. ज्यांच्या टाकीत नुसते मासे आहेत त्यांना तो थोडा लांबलेला वाटेल, पण ज्यांना तारामासा, कोळंबी, शंख, समुद्रफूल असे अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, प्राणी ठेवायचे आहेत त्यांनी तो पूर्ण वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बनावटीचे उपकरण वेगवेगळ्या छापांनी विकले जाते आणि आतला ऐवज जवळजवळ सारखाच असतो. वीतभर लांबीची धातूची नळी, मध्ये रबराची मूठ, एका टोकाला तिरका बसवलेला काचेचा प्रिझम, त्यावर बिजागरीने उघडणारी पारदर्शक झडप आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचे भिंग, एवढेच त्याचे स्वरूप आहे. सोबतच्या डबीत ड्रॉपर, इवलासा स्क्रू-ड्रायव्हर आणि पुसायचे मऊ कापड मिळते. मला ते दीड हजार रुपयांच्या आसपास पडले. आत डोकावले की दोन मोजपट्ट्या दिसतात. डावीकडे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या मानाने घनता, १.००० पासून १.०७० पर्यंत आणि उजवीकडे क्षारता, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम क्षार, दर हजारी ० पासून १०० पर्यंत.

आमच्या जिल्ह्यात हे यंत्र नवीन नाही, हे मला उशिरा कळले. माझ्या मामांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. द्राक्षाची गोडी किती चढली हे पाहण्यासाठी बागाईतदार मणी चिरडून त्याचा रस ज्या नळीवर टाकतात आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचे शेकडा प्रमाण, वाचतात, ती नळी म्हणजे हेच यंत्र आहे. तत्त्व एकच : पाण्यात काही विरघळले की त्यातून जाणारा प्रकाश जास्त वाकतो, मग ती साखर असो की मीठ. फरक फक्त आत छापलेल्या मोजपट्टीचा. पहिल्या चार महिन्यांत माझा विश्वास होता तो सुईच्या हायड्रोमीटरवर, म्हणजे पाणी भरायची प्लॅस्टिकची चपटी डबी आणि तिच्यात पाण्याच्या घनतेप्रमाणे वर उचलली जाणारी सुई, यावर. ती सुई दर आठवड्याला १.०२५ दाखवत होती आणि हा आकडा खऱ्या समुद्राच्या अगदी जवळचा असल्यामुळे मी निर्धास्त होते. टाकीतले दोन क्लाउनफिश आणि तीन डॅमसेल चार महिने व्यवस्थित खात-पित होते. पाणी चुकले असते तर मासे आधी गेले असते, असे मी गृहीत धरले. माझी सगळ्यांत मोठी चूक इथेच झाली.

लालसर रंगाचा, तळहाताएवढा एक तारामासा मी शहरातल्या एका दुकानातून आणला. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, तापमान सारखे झाले असे मानले आणि त्याला अलगद आत सोडले. पहिल्या दिवशी तो काचेला धरून होता. दुसऱ्या दिवशी तळाशी उताणा सापडला. मी त्याला सुलटा केला, तेव्हा खालच्या खाचांमधले नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, एरवी जे बोटाला चिकटतात, ते नुसतेच हलत होते. तिसऱ्या दिवशी एका हाताच्या टोकाला पांढरट डाग पडला, चौथ्या दिवशी त्या जागेची कातडी सुटली आणि पाचव्या दिवशी मी त्याला बाहेर काढला. मासे तेव्हाही मजेत होते.

मी दुकानात परत गेले ती तक्रार घेऊनच. दुकानदारांनी शांतपणे विचारले, "ताई, मोजता कशाने?" आणि त्यांच्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या टाकीतले बाटलीभर पाणी मला दिले. त्याच रविवारी मामा गावाहून आले होते आणि त्यांच्या पिशवीत ब्रिक्सची नळी होती, कारण छाटणीपासून खुड्यापर्यंत ती त्यांच्यापासून लांब नसते. मी त्यांना सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, "अगं, आधी माप तपास, मग पाण्याला दोष दे." आम्ही बाल्कनीत उभे राहून दुकानातल्या पाण्याचे दोन थेंब प्रिझमवर टाकले. निळ्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ साडेचार ब्रिक्सच्या किंचित खाली थांबली. प्रिझम पुसून माझ्या टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, तर रेघ साडेतीनच्याही खाली. "हे तर पातळ आहे," मामा म्हणाले. द्राक्षाच्या यंत्राला समुद्राचे पाणी काही फार गोड वाटत नाही, पण दोन पाण्यांतला फरक त्याने स्वच्छ दाखवला. हिशेब केल्यावर लक्षात आले, की माझ्या टाकीची क्षारता दर हजारी २७ च्या जवळपास होती आणि दुकानातली ३५. हायड्रोमीटर सोडवून पाहिला तेव्हा सुईच्या बुडाला सूक्ष्म बुडबुडे चिकटलेले होते. ते सुईला वर उचलत होते आणि पाणी आहे त्याहून जड भासत होते.

आता मासे का वाचले आणि तारामासा का गेला, हे सांगायला हवे, कारण या उपकरणाची गरज त्यातूनच कळते. समुद्री माशाचे रक्त समुद्राइतके खारे नसते, साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यातले जादा क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींकडून बाहेर टाकतो. हे काम तो रात्रंदिवस करत असतो. बाहेरचे पाणी थोडे पातळ झाले, तर त्याचे ओझे उलट हलके होते. काही ठिकाणी माशांच्या टाक्यांचे पाणी मुद्दाम पातळ ठेवतात ते यामुळेच. मीठ वाचते आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवीही बऱ्याच पातळ पाण्यात तग धरत नाही. त्याच टाकीत तारामासा किंवा कोळंबी ठेवणे मात्र त्यांच्या जिवावर बेतते.

तारामासा, सी-अर्चिन, समुद्री काकडी हे कंटकचर्मी प्राणी समुद्राशी वेगळ्याच नात्याने बांधलेले आहेत. त्यांच्या शरीरातला द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारा असतो. तारामाशाला मूत्रपिंड नाही, क्षार उपसून टाकणारे किंवा आत ओढून घेणारे खास इंद्रिय नाही, आणि त्याच्या नलिकापादांना चालवणारी जलसंस्था तर पाठीवरच्या चाळणीसारख्या छोट्या चकतीतून समुद्राच्या पाण्याशीच जोडलेली असते. समुद्र बदलत नाही तोवर ही व्यवस्था फार काटकसरीची आहे, कारण समतोल राखण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही. खुल्या समुद्रात वर्षानुवर्षे क्षारता ३५ च्या आसपासच राहते, म्हणून करोडो वर्षे ही व्यवस्था चालली. पण बाहेरचे पाणी अचानक पातळ झाले, की परासरणाच्या, म्हणजे पाणी पातळ बाजूकडून खाऱ्या बाजूकडे ओढले जाण्याच्या, नियमाप्रमाणे पाणी शरीरात शिरू लागते आणि त्याला अडवणारे कोणी नसते. समुद्राचे पाणी आणि शुद्ध पाणी यांमधला परासरण दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीस पट असतो. त्या मानाने ३५ वरून २७ वर उतरणे म्हणजे सहा पटींच्या आसपास. वीस मिनिटांत एवढा फरक मी त्या प्राण्यावर लादला होता.

म्हणजे अशा प्राण्यांना बचावच नाही, असे मात्र नाही. शरीरभर समतोल राखता आला नाही तरी प्रत्येक पेशी आपापल्या परीने झगडते. समुद्री अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशींमध्ये टॉरिन, ग्लायसिन, अलानिन, प्रोलिन अशी मोकळी अमिनो आम्ले भरपूर साठवलेली असतात आणि समुद्राच्या खारेपणाला आतून तोलून धरण्याचे बरेचसे काम तीच करतात. पाणी पातळ झाल्यावर पेशी फुगते, तेव्हा ती आधी काही क्षार आणि मग ही अमिनो आम्ले बाहेर सोडते, त्याबरोबर पाणीही जाते आणि पेशी हळूहळू मूळ आकाराला येते. पाणी जास्त खारे झाले तर याच्या उलट, पेशी आकसते आणि मग अमिनो आम्ले साठवू लागते. ही कामे मिनिटांत होत नाहीत, त्यांना तास लागतात, कधी दिवस लागतात. थेंबाथेंबाने पाणी बदलण्याची जी पद्धत जाणकार पाळतात, तिच्यामागचे कारण हेच आहे. माझ्या तारामाशाला तेवढा वेळ मिळाला असता तरी २७ च्या पाण्यात तो किती टिकला असता याची मला शंका आहे, पण निदान पेशी फाटेपर्यंत फुगल्या नसत्या.

खाडीतल्या प्राण्यांची गोष्ट वेगळी, आणि ती महाराष्ट्रातल्या कोणालाही जवळची वाटेल. पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांमध्ये डोंगरावरचे पाणी उतरते, तेव्हा तिसऱ्या आणि कालवे हे प्राणी आपले शिंपले घट्ट मिटून घेतात, आतले खारे पाणी आत कोंडून ठेवतात आणि भरतीची वाट पाहतात. मिटलेल्या शिंपल्यात प्राणवायू संपत जातो, म्हणून हा उपाय कायमचा नव्हे, काढता येईल तेवढा वेळ काढण्याचा आहे. खाडीतली चिंबोरी याहून समर्थ. पाणी पातळ झाले की तिच्या मागच्या कल्ल्यांतल्या पेशी बाहेरच्या पाण्यातून सोडियम आणि क्लोराइड वेचून रक्तात ओढतात, त्यासाठी शक्ती खर्च करतात आणि रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारे ठेवतात. खोल पाण्यातल्या पुष्कळ खेकड्यांना हे जमत नाही. म्हणून 'खेकडा आहे, टिकेल' किंवा 'शंख आहे, टिकेल' असे सरसकट म्हणता येत नाही, तो प्राणी कुठल्या पाण्यातून आला आहे हे विचारावे लागते. प्रवाळ खडकांवरची तांबडी-पांढरी क्लीनर कोळंबी आणि आपल्या खाडीतली कोळंबी दिसायला भावंडे वाटली, तरी सहनशक्तीच्या बाबतीत त्यांची तुलना होणार नाही.

उपकरणाकडे परत येते. ते आले त्या दिवशी मी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शुद्ध पाण्याचे थेंब टाकून, स्क्रू फिरवून, रेघ शून्यावर आणली. एवढ्यावर थांबले असते तर पुन्हा चुकले असते. या किमतीतल्या पुष्कळ उपकरणांची मोजपट्टी नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियमही असते आणि त्यांमुळे प्रकाश जरा वेगळा वाकतो. दर हजारी ३५ क्षारतेचे समुद्राचे पाणी अशा मोजपट्टीवर ३६.५ च्या जवळ दिसते. शून्यावर बरोबर असलेले यंत्र नेमके आपल्याला हव्या त्या ठिकाणी दीड अंकाने चुकते. म्हणून ते शून्याला न जुळवता ३५ च्या ठिकाणीच जुळवावे. त्यासाठी तयार प्रमाणद्रावण, म्हणजे ज्याचे माप नेमके ठाऊक आहे असे द्रावण, मिळते. ते मिळेपर्यंत मी दुसरा मार्ग धरला : ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले, तर त्याचे अपवर्तन, म्हणजे प्रकाश वाकवणे, ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतके होते. स्वयंपाकघरातल्या काट्याला अर्ध्या ग्रॅमचा भरवसा नसतो, म्हणून मीठ सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर तोलून घेतले. ते द्रावण प्रिझमवर टाकून रेघ ३५ वर आणली आणि पुढे तयार द्रावण आले तेव्हा ताडून पाहिले. दोन्हींत डोळ्याला जाणवेल असा फरक नव्हता. माझ्या उपकरणाची चूक कारखान्यातून आली तेव्हा दीडच्या थोडी वर होती. विकत घेणाऱ्याला ही गोष्ट पुस्तिकेत ठळक सांगायला हवी होती आणि ती सांगितलेली नाही, ही या उत्पादनाबद्दलची माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे.

एकाच आकड्यावर एवढी भिस्त ठेवता येते याचेही एक जुने कारण आहे. 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केले आणि १८८४ मध्ये दाखवून दिले, की समुद्र कुठलाही असो, एकूण खारेपणा कमी-जास्त होतो, पण मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ तेच राहते. म्हणून एक मोजले की बाकीचे कळते. घरच्या टाकीत मात्र हे प्रमाण पुड्यातल्या मिठावर अवलंबून असते आणि ते चांगले आहे की नाही, हे रिफ्रॅक्टोमीटर सांगू शकत नाही. जेवणातले मीठ विरघळवले तरी तो निमूटपणे ३५ दाखवील. 'किती' याचे उत्तर त्याच्याकडे आहे, 'काय' याचे नाही.

खरे माप हाती आल्यावर टाकी २७ वरून ३४ वर न्यायची होती. इथे घाई करण्याचा मोह होतो. माशांना पाणी पातळ झालेले चालते, पण अचानक खारे झालेले फार जड जाते, म्हणून रोज बाष्पीभवनाने कमी होणाऱ्या पाण्याच्या जागी गोडे पाणी न टाकता खारे पाणी टाकत, दिवसाला अर्ध्या अंकापेक्षा जास्त न चढू देता, मी पंधरा-सोळा दिवस घेतले. रोज सकाळी एक नोंद. हे काम सुईच्या हायड्रोमीटरवर करता आले नसते, कारण अर्धा अंक तिथे दिसतच नाही. इथेही तो सहज दिसतो असे म्हणणार नाही, मोजपट्टीवर एकेका अंकाच्या रेषा आहेत आणि मधला भाग नजरेने ठरवावा लागतो, पण आठवडाभरात नजर बसते.

त्यानंतर आणलेल्या प्रत्येक प्राण्याच्या वेळी आधी पिशवीतले पाणी मोजते, मग टाकीतले. पिशवीतले पाणी एका भांड्यात ओतून, हवेच्या बारीक नळीला सैल गाठ मारून, टाकीतले पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने त्यात सोडते. भांड्यातले पाणी दुप्पट झाले की अर्धे काढून टाकते आणि पुन्हा सोडते. शंखांना दीड-दोन तास, कोळंबीला तीन तास, आणि शेवटी भांड्यातले पाणी टाकीइतकेच खारे झाल्याचे रिफ्रॅक्टोमीटरने पाहिल्याशिवाय प्राणी आत जात नाही. (रात्रभर प्रवास करून आलेल्या बंद पिशवीला हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही, तिच्यात साठलेला अमोनिया पिशवी उघडल्यावर जास्त विषारी होतो, तेव्हा तिथे फार वेळ दवडू नये. दुकानदाराकडून पिशवीतल्या पाण्याची क्षारता आधीच विचारून तेवढ्याच खारट पाण्याचे वेगळे भांडे तयार ठेवणे बरे.) आणखी एक गोष्ट खरेदीच्या ओघात सांगते : कठीण प्रवाळ आणि समुद्री काकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्या कोणी देऊ केल्या तरी घेऊ नयेत.

नाशिकच्या हवेत या उपकरणाची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. माझी टाकी दीडशे लिटरची आहे आणि वर पंखा लावलेला असतो, तेव्हा उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी सहज कमी होते. एका लग्नासाठी आम्ही चार दिवस बाहेर होतो. परत आल्यावर काचेवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेच्या बरेच खाली पाणी होते आणि क्षारता ३४ ची ३७ झाली होती. मासे नेहमीसारखे समोर आले. पण शंखांनी झाकणे ओढून घेतली होती, समुद्रफूल मुठीएवढे आकसले होते आणि कोळंबी खडकाच्या फटीत बसून राहिली होती. बारा लिटर गोडे पाणी एका दमात ओतले असते तर त्यांना दुसरा धक्का बसला असता, म्हणून दीड दिवसात, दर काही तासांनी थोडे थोडे टाकले आणि प्रत्येक वेळी मोजले. तिसऱ्या सकाळी तळाशी कोळंबीची पारदर्शक कात पडलेली होती, मिशांसकट अख्खी. क्षारता बदलली की कोळंबी अवेळी कात टाकते, असा अनेकांचा अनुभव आहे. कात टाकल्यावर नवे कवच ताणून घेण्यासाठी ती अंगात पाणी भरून घेते आणि ते पाणी कसे आहे यावर तिचे पुढचे काही दिवस ठरतात. ती वाचली. आता सोबत एक साधी तरंगती कळ आहे, पाणी खाली गेले की बाजूच्या डब्यातून गोडे पाणी आपोआप पडते. तरीही दर रविवारी मोजणे चुकवत नाही.

माशांच्या खाण्यासाठी मी आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या प्राण्याची अंडी उबवते, तिथेही हे उपकरण उपयोगी पडते. २५ ते ३० क्षारतेच्या पाण्यात, हवा सोडून, साधारण चोवीस तासांत नारिंगी पिल्ले बाहेर पडतात. या इवल्या प्राण्याची क्षमता पाहून मला दर वेळी थक्क व्हायला होते : समुद्रापेक्षा कित्येक पट खाऱ्या, मिठागरातल्या पाण्यात तो जगतो, पितो ते खारेच पाणी आणि जादा मीठ बाहेर टाकतो. पिल्लाच्या मानेजवळ त्यासाठी खास ग्रंथी असते, मोठेपणी हे काम पायांवरचे कल्ले करतात. तारामासा आणि आर्टेमिया, दोघेही अपृष्ठवंशीय आणि दोघेही खाऱ्या पाण्यातले. पण एकाला आठ अंकांचा फरक सोसत नाही आणि दुसऱ्याला माझी शंभरापर्यंतची मोजपट्टीही अपुरी पडेल.

उपकरणाच्या इतर उणिवा. तापमानाचा फरक आपोआप सावरण्याची सोय आहे, पण ती साधारण १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते. मे महिन्यातल्या दुपारी आमच्या पश्चिमेच्या खोलीत त्यावर विसंबता येत नाही, म्हणून मी सकाळीच मोजते. थेंब टाकून झडप मिटल्यावर अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे थेंब प्रिझमच्या तापमानाला येतात, पण फार वेळ थांबले तर थेंब सुकू लागतात आणि आकडा फुगतो. झडपेखाली एखादा बुडबुडा राहिला तर रेघ अस्पष्ट होते. झडपेची बिजागरी प्लॅस्टिकची आहे आणि वर्षभरात सैल झाली आहे. प्रत्येक मोजणीनंतर प्रिझम आरओच्या पाण्याने धुऊन पुसला नाही, तर मिठाचा थर बसतो. स्क्रूही थोडा थोडा हलतो. महिन्यातून एकदा प्रमाणद्रावणावर ताडून पाहताना तीन वेळा मला तो अर्ध्या अंकाने सरकवावा लागला.

विजेवर चालणारा, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा मीटर यापेक्षा बारकाईने मोजतो, ३५ क्षारतेचे पाणी २५ अंशांना दर सेंटिमीटरला ५३ मिलिसीमेन्सच्या जवळ वाहकता दाखवते. त्याची किंमत मात्र जास्त आणि त्यालाही प्रमाणद्रावण लागतेच. नुसते मासे ठेवणाऱ्यांना काचेचा तरंगता हायड्रोमीटर, नीट स्वच्छ ठेवला तर, पुरेसा आहे. अपृष्ठवंशीय प्राणी ठेवणाऱ्यांनी मात्र नवा दिवा किंवा फिल्टर घेण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि त्याच बिलात प्रमाणद्रावणाची बाटली असावी. त्या बाटलीसह मी याला पाचपैकी चार तारे देईन, तिच्याशिवाय दोनच.

गेल्या महिन्यात त्याच दुकानदारांनी फोन करून एक तारामासा आल्याचे सांगितले. मी वर्षभर थांबले होते, कारण टाकी जुनी आणि स्थिर झाल्याशिवाय त्याला खायलाही मिळत नाही. पिशवीतले पाणी ३५ निघाले, टाकीतले साडेचौतीस. अर्ध्या अंकाचाच फरक होता, तरी सेकंदाला एक थेंब याप्रमाणे चार तास दिले. त्या संध्याकाळी मामा पुन्हा आले होते आणि भांड्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरून ते म्हणाले, "पस्तिसाला जरा कमी. आता सोड." आज सव्वीस दिवस झाले. तो रात्री काच चढतो आणि मी बाहेरून काचेला बोट लावून पाहते, तेव्हा पलीकडे त्याच्या नलिकापादांची रांग एकामागून एक पुढे सरकत असते, टोके काचेवर घट्ट टेकलेली.